नवी वाइन घरी चाखून बघायचीय? दोन पांढऱ्या, दोन लाल आणि चार जुने मोजे घ्या

माझं माहेर नाशिकचं, मामाची दिंडोरीकडे द्राक्षबाग, त्यामुळे सासरी पहिल्यापासून सगळ्यांना वाटतं की हिला वाइनमधलं कळत असणार. कप्पाळ कळत होतं! मामाची बाग थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची. वाइनचं द्राक्ष वेगळंच असतं, मणी बारीक, साल जाड, आत बिया आणि गोडी भरपूर. बागेत वाढलेल्या माणसाला वाइन कळते असं म्हणणं म्हणजे गोठ्यात वाढलेल्याला चीज कळतं म्हणण्यासारखं आहे.

पहिल्यांदा गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत टेस्टिंगला गेले तेव्हा सहा ग्लास झाले, समोरचा मुलगा दर वेळी हसून विचारायचा काय जाणवतंय मॅम, आणि मी दर वेळी तेच, "फ्रूटी". सहाव्या ग्लासाला तोच म्हणाला, "फ्रूटी ना?" इतकी लाज वाटली की काय सांगू.

मग एकदा घरी नवऱ्याच्या वाढदिवसाला दोघांनीही न विचारता एकेक पांढरी बाटली आणली आणि दोन्ही उघडल्या गेल्या. दोन ग्लास शेजारी, एकदा हा हुंगला, एकदा तो, आणि अचानक पहिल्यात पिकलेला पेरू आला आणि दुसऱ्यात चक्क चिरलेली ढोबळी मिरची. एकेकटी प्यायली तेव्हा दोन्ही "फ्रूटी"च होत्या. तेव्हापासून मी वाइन जोडीनंच चाखते, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्या एका गोष्टीभोवती आहे. ज्यांनी अजून सुरुवात केली नाही किंवा माझ्यासारखी फ्रूटी-फ्रूटी करून झालीय त्यांच्यासाठी.

काय काय लागेल

चार बाटल्या (कोणत्या ते खाली), एकसारखे काचेचे ग्लास माणशी दोन तरी, कॉर्कचा ओपनर (बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, पण कॉर्क निघालं आणि ओपनर नसला की सुरी-स्क्रू असले उद्योग सुरू होतात, ते नको), पांढरा कोरा कागद, साधा पाव किंवा बिनमिठाचे कुरमुरे, भरपूर पाणी, थुंकायला एक स्टीलचा डबा, वही-पेन आणि चार जुने धुतलेले मोजे. मोज्यांचं नंतर सांगते. कागदपत्रं म्हणाल तर दुकानात वयाचा पुरावा मागतात, आधार किंवा लायसन्स खिशात असू दे.

माणसं चार ते सहा. ७५० मिलीची बाटली असते, एका वेळी ५० मिली ओतायची, म्हणजे एका बाटलीतून पंधरा वेळा ओतता येतं. सहा जणांना दोनदा ओतूनही उरते.

१. बाटल्या निवडा, पण हावरटपणा नको

पहिल्या बैठकीला चारच. पांढऱ्यात एक शेनिन ब्लाँ आणि एक सोव्हिनियाँ ब्लाँ, लालमध्ये एक शिराझ आणि एक कॅबर्ने सोव्हिनियाँ. ही चारही द्राक्षं नाशिक भागात होतात, सहज मिळतात, आणि जोडीत ठेवली की फरक ठळक कळतो. नाशिकच्या सुला वायनरीनं २००० साली पहिल्या वाइन काढल्या त्यात शेनिन आणि सोव्हिनियाँ ब्लाँ होत्या, त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात याच दोघींनी झालेली असते. जमलं तर दोन्ही पांढऱ्या एकाच कंपनीच्या आणि एकाच वर्षाच्या घ्या, लालचंही तसंच. नाहीतर फरक द्राक्षाचा आहे, वर्षाचा आहे की बनवणाऱ्याच्या हाताचा, काही कळत नाही.

मिश्र वाइन पहिल्या दिवशी घेऊ नका. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सेत्ते म्हणजे सांजोव्हेझे (हे इटालियन द्राक्ष) आणि कॅबर्नेचं मिश्रण, वाइन म्हणून छान, पण शिकताना दोन सूर एकत्र ऐकून काय करणार.

लेबलवरचं वर्ष वाचायला शिका. ते द्राक्ष काढणीचं वर्ष असतं, बाटली भरल्याचं नाही. नाशिकला पाऊस सरत आला की छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी, युरोपात काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे एकच साल लिहिलेलं असलं तरी नाशिकची बाटली फ्रान्सच्या बाटलीपेक्षा सहा-सात महिन्यांनी थोरली. साध्या पांढऱ्या वाइनला हे महिने महत्त्वाचे असतात, कारण तिची मजाच ताजेपणात आहे, वर्ष-दोन वर्षांत संपवलेली बरी. "वाइन जितकी जुनी तितकी भारी" हे वाक्य ज्यानं कुणी आपल्या डोक्यात भरलंय त्यानं हजारो पांढऱ्या बाटल्यांचं वाटोळं केलंय. माझ्या काकांनी एक शेनिन शोकेसमध्ये आठ वर्षं ठेवली होती, टीव्हीच्या वर, बाजूला ताजमहाल. उघडली तेव्हा रंग चहाचा आणि चव शिळ्या सफरचंदाची.

हा सापळा दुकानातही आहे. काचेच्या शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली किंवा उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, कितीही डिस्काउंट असू दे. एसीत किंवा फ्रिजमध्ये ठेवलेली मागा. कॉर्कच्या बाजूनं ओघळ आलेला दिसला की परत ठेवा. आणि लेबलवरच्या रिझर्व्ह या शब्दाला भुलू नका, स्पेन-इटलीत त्याला कायद्यानं ठरलेला अर्थ आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी तो कंपनीच्या मर्जीवर असतो.

२. ग्लास

महागडे नकोत, पण एकसारखे हवेत. पोट थोडं मोठं आणि तोंड निमुळतं, म्हणजे वास आत कोंडून राहतो. चाखण्यासाठी १९७७ पासून एक आंतरराष्ट्रीय मापाचा ग्लास ठरलेला आहे, तो भरून फक्त २१५ मिलीचा असतो, म्हणजे आपल्याला वाटतं तसा तो बादलीएवढा नसतोच. त्यात ५० मिली ओततात, साधारण अर्धी कटिंग.

ग्लास कपाटातून काढून आधी हुंगा. हसू नका, हुंगा. उपडे ठेवलेले असले तर डांबरगोळी किंवा जुन्या लाकडाचा वास बसलेला असतो, आणि भांड्याच्या साबणाचा लिंबूवास तर पांढरीत "सिट्रस" म्हणून खपून जातो. गरम पाण्यानं दोनदा विसळा आणि उघडे वाळवा.

३. तापमान, इथेच निम्मे लोक फसतात

लाल वाइन रूम टेम्परेचरला प्यावी असं सगळे सांगतात. कोणाच्या रूमच्या? ते युरोपातल्या दगडी घरांचं टेम्परेचर आहे, सोळा-अठरा डिग्री. पुण्यात मे महिन्यात माझ्या किचनमध्ये ३४ असतं. त्या तापमानाला लाल वाइन नाकाशी नेली की आधी स्पिरिटचा झटका बसतो आणि माणूस म्हणतो मला रेड आवडत नाही. तुला रेड नाही आवडत असं नाहीये बाबा, तुला गरम रेड आवडत नाही.

पांढरीचं उलटं. फ्रिज असतो चार डिग्रीच्या आसपास, त्यातून काढल्या काढल्या ओतली की वास झोपलेला असतो, नुसतं गार आंबट पाणी लागतं.

तर, पांढऱ्या फ्रिजमध्ये तीन तास आणि ओतायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर. आठ ते दहा डिग्री पुरे. लाल बाटल्या फ्रिजमध्ये थंडीत पाऊण तास, उन्हाळ्यात तासाच्या वर, सोळा ते अठरा हवंय. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, नुसता बर्फ बाटलीला नीट चिकटत नाही त्यामुळे वेळ लागतो. बर्फाच्या पाण्यात लालला दहाएक मिनिटं बास. ग्लासात बर्फ टाकू नका, निदान त्या दिवशी तरी, नंतर तुमचं घर तुमचा ग्लास.

४. जिभेची तालीम (ही पायरी गाळू नका)

हे मी कुठे वाचलं नाही, फसत फसत शिकले. बाटली उघडायच्या आधी तीन ग्लास करा. एकात पाणी आणि चमचाभर साखर. दुसऱ्यात पाणी आणि अर्धं लिंबू. तिसऱ्यात बिनदुधाचा चहा, पण दहा-पंधरा मिनिटं पत्ती तशीच उकळलेल्या पाण्यात ठेवून मग गार केलेला.

एकेक घोट घ्या आणि तोंडात कुठे काय होतंय बघा. लिंबानं गालाच्या आत, जबड्यापाशी पाणी सुटतं. चहानं उलटं होतं, जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, खरखरीत होतात. हा तुरटपणा. वाइनवाले त्याला टॅनिन म्हणतात आणि इंग्रजीतून शिकणाऱ्याला ते समजायला अर्धा दिवस लागतो, आपण मात्र जांभूळ, सुपारी, आवळा, कच्चं केळं खाऊन मोठे झालोत, आपल्याला तुरट काय असतं ते कोणी सांगायची गरज नाही. मामाला पहिल्यांदा कॅबर्ने दिली तर एक घोट घेऊन म्हणाला, "हां, हे जांभळावाणी धरतंय." मी तोपर्यंत चार महिने टॅनिन म्हणजे काय ते इंटरनेटवर वाचत होते.

हा तुरटपणा येतो सालीतून आणि बियांमधून. बहुतेक लाल-काळ्या द्राक्षांचा गर पांढराच असतो, लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून रंगही येतो आणि तुरटपणाही. पांढरीत द्राक्ष आधी दाबून रस वेगळा काढतात, मग आंबवतात. म्हणून पांढरीत बघायचं ते आंबट-गोडाचं गणित आणि लालमध्ये त्यात तुरटाची भर.

५. आधी पाहा

क्रम ठरलेला आहे, पांढरी आधी, लाल नंतर. तोंडात हलकी लागणारी आधी, जड लागणारी नंतर. कोरडी (म्हणजे गोडी नसलेली) आधी, गोड नंतर. त्यामुळे सोव्हिनियाँ ब्लाँ मग शेनिन, कारण आपल्याकडची शेनिन बऱ्याचदा जराशी गोडसर असते.

दोन्ही ग्लास पांढऱ्या कागदावर ठेवा आणि तिरपे करून कडेचा रंग बघा. नवी पांढरी फिकट, कधी हिरवट झाक, जुनी होत गेली की सोनेरी आणि मग तपकिरी. नवी लाल जांभळट, जुनी विटकरी. बस एवढंच, इथे रेंगाळू नका. ग्लास फिरवल्यावर भिंतीवर जे ओघळ उतरतात त्यावरून कोणी "क्वालिटी" सांगायला लागलं तर माना डोलवा आणि पुढे चला, ते मुख्यतः अल्कोहोलमुळे होतं, दर्जाशी संबंध नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. पांढरीच्या तळाशी किंवा कॉर्कला साखरेसारखे चकचकीत खडे दिसले तर घाबरू नका. मी एकदा काच आहे समजून अख्खी बाटली सिंकमध्ये ओतली होती, चांगली साडेसातशे रुपयांची. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, द्राक्षातलेच, गारव्यानं तळाशी बसतात. निरुपद्रवी.

६. वास, खरं काम इथे आहे

पहिलं म्हणजे घरात त्या दिवशी अगरबत्ती नाही, परफ्यूम नाही, गजरासुद्धा नाही. आमच्या दुसऱ्या बैठकीला सासूबाईंनी बरोब्बर शिराझच्या वेळी आत लसणाची फोडणी टाकली आणि सहाच्या सहा जणांनी वहीत "लसूण" लिहिलं. चाखायच्या तासभर आधीपासून पान, सुपारी, कॉफी, टूथपेस्ट बंद.

ग्लास न हलवता एकदा हुंगा. मग टेबलावरच गोल फिरवा (हवेत फिरवाल तर शर्ट जाईल) आणि नाक आत घालून छोटे छोटे श्वास घ्या. आता शेजारचा ग्लास. परत पहिला. मनात एकच प्रश्न, याच्यात काय आहे जे त्याच्यात नाही?

शब्दांचं दडपण घेऊ नका. कॅलिफोर्नियात अॅन नोबल नावाच्या संशोधक बाईंनी १९८४ मध्ये वासांचं एक चक्रच बनवलं, जगभर वापरतात, पण त्यात ब्लॅकबेरी, ब्लॅककरंट असली फळं आहेत जी माझ्या आजोळी कोणी पाहिली नाहीत. ब्लॅककरंटसारखा वास आला असं लिहिण्यापेक्षा करवंद लिहा, जांभूळ लिहा, बोर लिहा, वही तुमचीच आहे.

मला साधारण जे सापडतं ते सांगते. सोव्हिनियाँ ब्लाँमध्ये ढोबळी मिरची, कापलेलं गवत, लिंबाची साल, कधी कच्ची कैरी. शेनिनमध्ये पेरू, पिकलेलं अननस, थोडा मध. कॅबर्नेत जांभूळ आणि मागे परत तीच ढोबळी मिरची, कारण दोन्हीत एकाच जातीची संयुगं असतात, आणि गंमत म्हणजे सोव्हिनियाँ ब्लाँ हे कॅबर्ने सोव्हिनियाँचं पालकच आहे, दुसरं पालक कॅबर्ने फ्राँ. डीएनए तपासून हे नातं १९९७ मध्ये सिद्ध झालं. मला आधी वाटायचं नावं नुसती सारखी आहेत, चुलत-मावस असतील.

शिराझमध्ये काळी मिरी. ती रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येते, काळ्या मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवलं तेव्हा त्यांच्या चाखणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांना तो वास येतच नव्हता. तेव्हा बाकीचे मिरी मिरी म्हणतायत आणि तुम्हाला काही येत नाही तर गप्प बसू नका, खोटं तर अजिबात बोलू नका. माझ्या नवऱ्याला येत नाही. आधी मी त्याला चिडवायचे, आता बिचाऱ्याला सोडून देते. लालमध्ये व्हॅनिला, खोबरं, भाजल्यासारखा वास आला तर तो द्राक्षाचा नाही, वाइन ज्यात मुरवतात त्या ओक लाकडाच्या पिंपाचा.

बिघडलेली कशी ओळखायची? ओल्या पुठ्ठ्यासारखा, पावसाळ्यात भिजलेल्या गोणपाटासारखा कुबट वास आला तर कॉर्क खराब. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर आला तर वाइन गेली. हे वाइनचे खास वास, म्हणजे "नोट्स", नाहीत, दुकानात जाऊन बोला.

७. घोट

छोटा घोट घ्या आणि लगेच गिळू नका, चूळ भरल्यासारखी तोंडभर फिरवा. जमलं तर ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, गरम चहाचा भुरका मारतो तसं. होय, आवाज होतो. आयुष्यभर आईनं ज्यासाठी रागावलं तेच इथे करायचं असतं.

मग तालमीतले तीन ग्लास आठवा. गोड किती? आंबट किती? तुरट किती? चौथं म्हणजे घशात ऊब किती, ती अल्कोहोलची. पाचवं, गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ राहते, मनात आकडे मोजा.

गोडीबाबत एक फसवणूक आहे. पिकल्या फळाचा वास आला की मेंदू म्हणतो गोड, साखर नसली तरी. नाक दाबून घोट घ्या, मग कळेल गोडी जिभेवर आहे की नुसती नाकात.

थुंकायचं का? हो. पहिल्यांदा ओशाळल्यासारखं होतं, दुसऱ्या ग्लासाला सवय होते. हिशेब बघा, चार वेळा ५० मिली म्हणजे २०० मिली, १३ टक्क्यांची वाइन धरली तर २६ मिली निव्वळ अल्कोहोल, आणि परत दुसरी फेरी असतेच. तिसऱ्या-चौथ्या ग्लासानंतर सगळ्याच वाइन छान लागतात, हा माझा स्वतःवर केलेला प्रयोग आहे. गाडीसाठी कायदा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम म्हणतो, पण त्या रेषेशी खेळायला जाऊ नका, पाहुण्यांना रिक्षानं येऊ द्या.

८. आता मोजे

एकदा उघड चाखून झालं की दुसरी फेरी झाकून. बाटल्यांवर मोजे चढवा, मानेपर्यंत. एकानं बाजूच्या खोलीत मोजे घालायचे, मग दुसऱ्यानं एकट्यानं त्या खोलीत जाऊन जागा बदलून नंबर लावायचे, म्हणजे कोणालाच माहीत नसतं. एका वेळी एकच जोडी, पांढरी किंवा लाल.

हे पोरखेळ वाटतं पण डोळे फार थापा मारतात. बोर्दोमध्ये २००१ साली वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. आणि १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता गुण दिले तेव्हा पांढऱ्यात आणि लालमध्ये, दोन्हीकडे कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. आमच्याकडे दिरांनी "ही नक्की महागडी" म्हणून ज्या मोज्याला हात लावला ती चारातली सगळ्यात स्वस्त निघाली. ते अजून म्हणतात मोजा बदलला होता.

९. वहीत काय लिहायचं

नाव, साल, किंमत, तारीख, आणि तीन ओळी: वास, तोंडात काय झालं, परत घेईन का. गुण-बिण देऊ नका सुरुवातीला. जोडीचं वाक्य मात्र लिहाच, म्हणजे "अ ही ब पेक्षा जास्त आंबट, कमी सुवासिक, पण चव जास्त वेळ टिकली". माझ्या वहीतली पहिली नोंद आहे "चांगली". कोणती, का, कशापेक्षा, देवाला माहीत.

आणि एकमेकांना न दाखवता लिहा. एकानं मोठ्यानं लिची म्हटलं की सगळ्यांना लिची येते.

१०. खाणं नंतर

चाखताना फक्त पाव, कुरमुरे आणि पाणी. फरसाण, पापड, चीज सगळं नंतर. चीज तर तुरटपणा झाकून टाकतं, त्यामुळे त्याच्यासोबत साधी लालही बरी लागते.

मग जेवणाला तीच तुलना चालू ठेवता येते. तळलेल्या बोंबलाबरोबर आंबट सोव्हिनियाँ ब्लाँ, लिंबू पिळल्यासारखी लागते. तिखटाबरोबर तुरट लाल घेऊ नका, ठेचा आणि कॅबर्ने एकत्र म्हणजे तोंडात आग आणि वर सुपारी. तिखटाला गोडसर गार शेनिन बरी. सुक्या मटणाबरोबर शिराझ चालते, फक्त तिखटाला हात आखडता ठेवा.

११. उरलेल्याचं काय

झाकण घट्ट लावून चारही बाटल्या फ्रिजमध्ये, लालसुद्धा, उभ्या. तीन दिवसांत संपवा. त्यातला एक घोट दुसऱ्या दिवशी वही उघडून परत चाखा, काही लाल वाइन दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतात आणि पांढऱ्यातला पेरू बऱ्याचदा गायब झालेला असतो. चौथ्या दिवशी जी राहील ती मटणाच्या रश्श्यात जाते, सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.